मल्लिनाथराव आणि उजनीतला बर्फ

आमचे साडू मल्लिनाथराव आमच्या घरी आले की आधी फ्रिज बंद करतात. चपला नंतर काढतात. मग स्वयंपाकघराच्या दारात डोळे मिटून, मान जराशी वाकडी करून उभे राहतात आणि ऐकत बसतात. काय ऐकता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, बाकीचं घर. फ्रिजच्या घरघरीखाली घरातले बारीक आवाज दबतात म्हणे. मग निदान सुरू होतं. टाकीचा कॉक गळतोय, बैठकीतल्या पंख्याचं बेअरिंग बोलायला लागलंय. हे सगळं सांगून झाल्यावर माझ्याकडं बघतात आणि विचारतात, "काय, बरंय का?" फ्रिज परत चालू करायचं मात्र त्यांच्या लक्षात राहत नाही. ते गेल्यावर आमच्या हिनं, नंदानं, आजवर किती दूध मोरीत ओतलं असेल त्याची गणतीच नाही.

नंदाच्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईंचे, हे यजमान. भाऊ, मित्र, शेजारी यांच्याशी माणूस भांडू तरी शकतो. साडूशी भांडता येत नाही, कारण दोन बहिणी संध्याकाळी एक होतात आणि आपण दोघंच मूर्ख ठरतो. त्यात जुळे सोलापुरात त्यांचा फ्लॅट आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. म्हणजे दिवसातनं दोनदा तरी हा माणूस हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभा.

अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं ओढ्याला वर्षातनं चार दिवस पाणी, अशा गावात जन्मलेला हा गडी. शिकला फ्रिज-एसीचं काम आणि लागला बोटीवर. मालाच्या मोठमोठ्या बोटी, त्यावरची शीतगृहं, केबिनचे एसी, सगळं यांच्या अंगावर. उभा जन्म समुद्रात काढला. वर्षाचे दहा महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी, तेही घरातली माणसं सोडून घरातली यंत्रं उघडत. निवृत्त होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली, पण सुमनताई परवा नंदाला म्हणाल्या, "हे घरी आलेत गं, पण अजून पोचले नाहीत." आम्ही हसलो. त्या हसल्या नव्हत्या.

बसणं हा प्रकार मल्लिनाथरावांना जमत नाही. खुर्चीच्या कडेला टेकतात, चहा उभ्यानं पितात, जेवताना मध्येच उठून बोअरची मोटर बघून येतात. आमच्या सोसायटीच्या सभेत सगळे पार्किंगवर भांडत होते तेव्हा माझ्याबरोबर आलेले हे जिन्याखाली जाऊन मीटरच्या पेटीला कान लावून उभे होते. मी वीज खात्यात नोकरी केली, बिलांच्या विभागात. फ्यूज बदलायचा म्हटलं तरी मी वायरमन बोलावतो. त्यामुळं सगळ्या सोसायटीसमोर त्यांनी मला विचारलं, "साहेब, न्यूट्रल ढिला झालाय, तुमच्या खात्याचं काय म्हणणं?" तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा.

यंत्र कुठलंही असो, त्यांचा मंत्र एकच. पाणी, वारा, वीज, मग गॅस. याच क्रमानं बघायचं. एसी तपासायला आलेला कारागीर दारातनंच "गॅस गेलाय" म्हणाला, की मल्लिनाथराव त्याच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवतात आणि त्याला लिफ्टपर्यंत पोचवून येतात. बरं, हा क्रम यंत्रापुरता ठेवावा की नाही? शेजारच्या कुलकर्ण्यांचं तान्हं रडायला लागलं तरी हे भिंतीपलीकडनं विचारणार, पाणी पाजलं का, वारा लागतोय का? पुढं वीज म्हणतील की काय या धास्तीनं कुलकर्णीवहिनी पोराला घेऊन आतल्या खोलीत जातात.

तर गेल्या चैत्रात अमोलचा फोन आला.

अमोल म्हणजे आमच्या बायकांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ बिचारा लवकर गेला. शोभावहिनींनी मोहोळला शिवणकाम करून पोराला वाढवलं. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मी आणि मल्लिनाथराव त्याचे मामा. पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून या पठ्ठ्यानं गोव्याकडची एक जुनी बोट घेतली आणि आणून सोडली उजनीच्या फुगवट्यात. पक्षी बघायला लोक येतात, त्यांना बोटीत बसवायचं, फिरवायचं, मासे-भाकरी खायला घालायची. बोटीला बंद केबिन आणि केबिनला एसी. साधा नव्हे, धरणाचंच पाणी आत ओढून चालणारा आणि बटण फिरवलं की उलटा चालून गरम हवाही देणारा. हे ऐकून मी म्हटलं, सोलापूर जिल्ह्यात गरम हवेचं बटण म्हणजे कावळ्याला काळा रंग देण्यातला प्रकार. मल्लिनाथराव मात्र नुसते फुलले. त्या दिवशी त्यांनी आमचा फ्रिज बंद करायचंसुद्धा सोडून दिलं.

फोन असा होता की बोटीतला एसी गार करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी बार्शीची पाहुणे मंडळी यायची होती. मुलगी ऋतुजा. दोघांचं एकमेकांशी बोलणं झालेलं, मनं जुळलेली. तिच्या वडिलांचीही ना नव्हती. अडून बसले होते ते तिचे थोरले चुलते. नोकरी सोडून नावाडी झालेल्या पोराला मुलगी कशी द्यायची, हा त्यांचा सवाल होता. शेवटी ते म्हणाले होते, कार्यक्रम घरी नको, त्या बोटीवरच ठेवा, बघू तरी कसला धंदा आहे. आता चैत्रातलं ऊन, बंद केबिन आणि त्यात हे चुलते. एसी चालला नाही तर लग्न मोडलं म्हणून समजा, असं अमोल म्हणाला. टेंभुर्णीच्या कारागिरानं गॅस भरायला सांगितलाय, असंही म्हणाला. ते ऐकताच मल्लिनाथरावांनी माझ्या हातातनं फोन ओढून घेतला. "गॅसला हात लावू देऊ नको बाळ. मी येतो." सुमनताई त्या वेळी लेकीकडं, वैशूकडं, हैदराबादला गेल्या होत्या. हे एकटेच होते, त्यामुळं अडवणारंही कुणी नव्हतं.

सकाळी आम्ही निघालो. माझी गाडी, मागं नंदा आणि शेजारी मल्लिनाथराव. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात लांब प्रवास. मोहोळच्या अलीकडं त्यांना डाव्या चाकात आवाज आला. उतरलो, काही नव्हतं. मोहोळच्या पलीकडं तो आवाज उजवीकडं गेला म्हणाले. गाडीतला एसी त्यांनी बंद करायला लावला, कारण त्याच्या आवाजात चाक ऐकू येत नव्हतं. नंदा पदरानं वारा घेत होती आणि माझ्याकडं अशी बघत होती की जणू हे साडू मीच हुंड्यात आणले होते.

बोट खरंच देखणी होती, मला उगाच शंका होती. पांढरी, निळ्या पट्ट्याची. शोभावहिनी आदल्या दिवसापासनं तिथंच राबत होत्या. आत दोन्ही बाजूंच्या लांब बाकांवर त्यांनी कोऱ्या सोलापुरी चादरी अंथरल्या होत्या, मोराच्या नक्षीच्या, अगदी खाली फळीपर्यंत लोंबणाऱ्या आणि कडा नीट आत खोवलेल्या. पाहुण्यांना कळलं पाहिजे कुठल्या जिल्ह्यात आलोय ते, असं त्या म्हणाल्या. नंदानं त्या चादरींना हात लावून बघितलं आणि दोघी माग कुठला, रंग पक्का का, यात रमल्या.

मल्लिनाथराव कामाला लागले. आधी पाणी. बोटीच्या कुशीतनं पाण्याची धार बाहेर पडायला हवी, ती करंगळीएवढीच पडत होती. त्यांनी गाळणी उघडली. आतनं मूठभर शेवाळ निघालं आणि एक बोटभर मासा निघाला, जिवंत. मासा त्यांनी आधी धरणात सोडला, मग विजयी मुद्रेनं आमच्याकडं बघितलं. धार जोरात सुरू झाली. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या. एसी मात्र ढिम्म. झडपेतनं जेमतेम फुंकरीएवढी हवा, तीही कोमट.

मग वारा आणि वीज. ठीक. पंखा फिरत होता. यंत्राचा आवाज त्यांनी मागच्या अरुंद कप्प्यात पोटावर झोपून ऐकला. परत आले, बाकावर टेकले, उठले, पुन्हा टेकले. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. बोटीवर यांच्यासमोर यंत्राची बिशाद नव्हती म्हणे, आणि इथं आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच पोरासमोर फजिती चाललेली. अमोल सारखा रस्त्याकडं बघत होता. शेवटी मी म्हटलं, "आता गॅस बघा की." तर माझ्याकडं त्यांनी जे बघितलं ते मी विसरणार नाही. पण मोठ्या कष्टानं उठले, कप्प्यात शिरले, यंत्रावरचा पत्रा सोडवला आणि आतनं ओरडले, "अय्यो! बर्फ!"

आम्ही सगळे धावलो. खरंच, आतल्या नळ्यांवर पांढराशुभ्र, बोटभर जाड बर्फ. बाहेर डांबर वितळतंय आणि आत हिमालय. शोभावहिनींनी हात जोडले आणि म्हणाल्या, "म्हणजे गार करतंय की हो भावजी. मग बिघडलंय काय?"

तेच तर बिघडलं होतं. मल्लिनाथरावांनी घाईघाईनं सांगितलं की केबिनमधली हवा एका जाळीतनं परत यंत्रात जायला हवी. ती जात नाही म्हणून नळ्या गोठल्या आणि बर्फानं उरलीसुरली वाट बुजवली. जाळी कुठाय? अमोलला ठाऊक नाही. मल्लिनाथराव पुन्हा विचार करायला त्याच बाकावर टेकले. तेव्हा शोभावहिनी हळूच म्हणाल्या की भावजी बसलेत त्याखाली एक लाकडी जाळी होती खरी, पण ती बरी दिसत नव्हती म्हणून त्यांनी चादर खालपर्यंत ओढून खोचली.

म्हणजे सकाळपासनं हा थोर तंत्रज्ञ दुखण्याच्या छाताडावर बसून दुखणं शोधत होता. मी हसलो. त्या दिवसातला माझा तेवढाच आनंद. त्यांनी मोर धरून चादर ओढली तशी जाळी उघडी पडली. पण बर्फ वितळल्याशिवाय हवा फिरायची नाही. आणि तो झटपट वितळवायचा एकच उपाय होता. मल्लिनाथरावांनी बटण फिरवलं आणि उजनीच्या भर उन्हात बोटीचा हीटर सुरू झाला.

त्याच वेळी काठावर बार्शीची जीप उभी राहिली.

मला काठावर पाठवलं. पाहुण्यांना पक्षी दाखवत थोपवून धरा, असा हुकूम. एकही पक्षी त्या उन्हात बाहेर नव्हता. मी लांबच्या एका दगडाकडं बोट करून रोहित पक्ष्याची माहिती द्यायला लागलो. चुलते काही क्षण त्या दगडाकडं बघत राहिले आणि म्हणाले, तो हलला की सांगा, आम्ही आत बसतो. निघालेसुद्धा.

केबिनमध्ये शिरल्या शिरल्या भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा तोंडावर आली. ऋतुजाच्या आईनं दाराची चौकट धरली. ऋतुजाच्या वडिलांचा चष्मा घामानं घसरला. चुलत्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि अमोलकडं न बघता विचारलं, हीच ती थंड बोट का. अमोलच्या तोंडातनं शब्द फुटेना. पोरगी मान खाली घालून उभी.  मला तर वाटलं, हे स्थळ गेलं. शोभावहिनींनी मोहोळच्या त्या एका खोलीत जे काय सोसलं ते सगळं या गरम हवेवर उडून जाणार.

एवढ्यात बाकाखालच्या जाळीतनं मल्लिनाथरावांचा आवाज आला. "जरा दम धरा, मंडळी."

चुलते दचकून बाकापासनं लांब झाले. आत कुठंतरी खट् झालं, मग सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि वरच्या झडपांतनं गार वारा सुटला. असा तसा नव्हे. नंदाचा पदर उडाला. हळूहळू सगळ्यांचे उतरलेले चेहरे सैल झाले, माणसं बसली, पाणी प्याली. सरबत आलं. थोड्या वेळानं तर चुलत्यांनी बाजूला पडलेली ती मोराची चादर उचलून गुडघ्यांवर घेतली आणि अमोलला विचारलं की हंगामात किती फेऱ्या होतात. विचारायची रीत बदलली होती. अमोलला वाचा फुटली.

पोहे आले तशी नंदानं मला खूण केली, भावजींना बोलवा. मला वाटलं, काम झालंय, आता हा माणूस काठावर जाऊन माझी गाडी उघडून बसला असणार. मागं जाऊन कप्प्याचं झाकण उचललं, तर आत मल्लिनाथराव. बर्फाचं पाणी केबिनमध्ये वाहू नये म्हणून एक नळी हातानं धरून, गुडघे छातीशी घेऊन, अंग मुडपून बसलेले. नळी कोरडी ठणठणीत होती. पाणी केव्हाच थांबलं होतं.

"चला की वर," मी म्हटलं. "पोहे गार होतायत."

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. समोर ती जाळी होती. तिच्यातनं केबिनमधल्या माणसांचे फक्त पाय दिसत होते आणि बोलणं लख्ख ऐकू येत होतं. नंदा आणि शोभावहिनी मुलीला काहीतरी विचारत होत्या. मल्लिनाथराव डोळे मिटून ऐकत होते.

"असं असतं होय," ते हळूच म्हणाले. "कुठं शिकलीस, काय आवडतं, असं विचारतात."

 मी कप्प्याच्या कडेला उकिडवा बसलो.

"आमच्या वैशूच्या वेळी माझ्या जागी तुम्हीच बसला होता ना?"

"हो."

"मी त्या दिवशी कप्तानाच्या केबिनचा एसी उघडून बसलो होतो. कुठलं बंदर ते पण आता आठवत नाही. तुम्ही काय विचारलंत त्या लोकांना?"

मला जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. मुलाची बदली कुठं होते ते विचारलं, घरात माणसं किती ते विचारलं. वैशूनं डाळिंबी रंगाची साडी नेसली होती, सुमनताईंचीच. चहा देताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही. प्रत्येक गोष्टीला ते मान हलवत होते आणि पुढं, पुढं, असं हातानं सांगत होते. कार्यक्रम झाल्यावर सगळ्यांनी सुमनताईंना साखर भरवली ते सांगितलं. आणि मग जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं तेही माझ्या तोंडून गेलं. पाहुणे यायच्या आधी वैशू माझ्याजवळ आली होती आणि तिनं विचारलं होतं, काका, बाबांना फोन लागला का?

मल्लिनाथरावांनी डोळे उघडले नाहीत. "नव्हता लागला," ते म्हणाले. "पण लागला असता तरी काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं हो."

मला या माणसाचं फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांना हसलो, चिडलो, बायकोजवळ त्यांच्या नकला केल्या. पण वाईट असं पहिल्यांदाच वाटलं.

वरनं चुलत्यांचा आवाज आला. मुलाकडचं वडीलधारं माणूस कोण आहे, त्यांना बोलवा, सुपारी फोडून टाकू. लगोलग नंदानं माझ्या नावानं हाक मारली. आमच्या दोन्ही घरांतल्या असल्या प्रत्येक प्रसंगात ती जागा माझी ठरलेली. मी उठलो आणि मल्लिनाथरावांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर ओढलं. नको म्हणाले. हात काळे झालेत म्हणाले, सदरा बघा म्हणाले, मला तिथलं काही कळत नाही म्हणाले. मी एक शब्द ऐकला नाही. केबिनच्या दारातनं त्यांना आत ढकललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हे अमोलचे थोरले मामा, आमच्यातले वडील हेच, जे काय असेल ते यांच्याशी बोला.

नंदा माझ्याकडं बघत राहिली. शोभावहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. चुलत्यांनी सरकून आपल्या शेजारी जागा केली आणि मल्लिनाथराव तिथं टेकले, काळे हात मांडीखाली लपवून.

"तुम्हाला आमच्या मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा," चुलते म्हणाले.

मल्लिनाथरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कॉम्प्रेसरवर सबंध दुपार बोलू शकणारा माणूस, त्याला एक वाक्य सापडेना. आताच कप्प्यात ऐकलेलं कुठं शिकलीस, काय आवडतं, तेही ते विसरले असणार. अमोल कासावीस झाला. मला वाटलं, आपणच काहीतरी बोलून सांभाळून घ्यावं. पण थांबलो.

त्यांनी त्या पोरीकडं नीट बघितलं. तिच्या कपाळावर मघाच्या घामानं केस चिकटलेले होते.

"बाळ," ते म्हणाले, "आता तुला उकडत नाही ना?"

ऋतुजानं मान वर केली. आल्यापासनं पहिल्यांदा ती हसली. "नाही मामा. छान गार वाटतंय."

मल्लिनाथराव तिच्या वडिलांकडं वळले आणि त्यांना सांगितलं की आम्हाला दुसरं काही विचारायचं नाही.